उजवीकडे वळलेली बोट

बचाव बोटीवर दादांनी सव्वीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस सुकाणूवर. मी त्यांच्या पायाखाली असायचो. हे मी नम्रपणे म्हणत नाही, खरोखरच पायाखाली. सुकाणूच्या मागे फळीत एक चौकोनी झाकण होतं, त्याच्या खाली इंजिन आणि इंजिनाशेजारी मी. त्यामुळे दादांचा चेहरा मला कमी दिसायचा, बूट जास्त दिसायचे. उजव्या बुटाचा टाचेकडचा भाग झिजला, की मला कळायचं, यंदा समुद्र बराच खवळलेला होता.

त्याआधी ते बस चालवायचे. समुद्रावर कसे आलात, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "इथं मागून कुणी घंटी मारत नाही." माणूस बुटका, मान जाड, आवाज मात्र मऊ. दोन मजली लाटेत बोट घालताना ज्याच्या कपाळावर आठी पडत नसे, तो घरात झुरळ निघालं की खुर्चीवर चढायचा. वहिनी केरसुणी घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "उतरा आता, वाचवलं तुम्हाला."

दादांचे आईवडील लवकर गेले. धाकटा भाऊ त्यांच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. दादांनीच त्याला वाढवलं. "मला लग्नात नवरा आणि आयता मुलगा एकदमच मिळाला," असं वहिनी सांगायच्या. त्यांना पुढे मूल झालं नाही, त्यामुळे तो धाकटाच घरातलं लेकरू राहिला. बत्तिसाव्या वर्षीही वहिनी त्याला "जेवलास का?" असं दारातून ओरडून विचारायच्या आणि तो रस्त्यावरून "हो गं" म्हणून जायचा. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी एक लाँच होती, तिच्यावर तो कामाला होता. दादांनी बोटीवरचं आपलं जुनं नारिंगी जाकीट त्याला दिलेलं. खांद्याला फाटलं होतं, तिथं वहिनींनी हाताशी असलेल्या निळ्या कापडाचं ठिगळ लावलं होतं. दिसायला विचित्र, पण लांबून ओळखू यायचं.

आमची बोट चौघांची. दादा, मी, उंट आणि चिमणी. उंट म्हणजे दादांच्या हाताखालचा माणूस, सहा फूट तीन इंच उंच, म्हणून उंट. पुढे उभा राहून पाण्यात नजर ठेवणं हे त्याचं काम. चिमणी आमची पोहणारी. ऐंशी किलोच्या माणसाला काखेत धरून ओढत आणणारी बाई, पण वजन जेमतेम पन्नास, म्हणून चिमणी. तिला हे नाव आवडत नसे आणि आम्ही ते सोडत नसू.

दादांनी आम्हाला एकच गोष्ट हजारदा शिकवली. पाण्यात माणसं विखुरलेली असतात तेव्हा कुणाकडे आधी जायचं? जो ओरडतोय त्याच्याकडे नाही, जो जवळ आहे त्याच्याकडे नाही, लहान-मोठा, बाई-पुरुष बघायचं नाही. ज्याच्या हातात धरायला काही नाही, तो आधी. धरून असलेले थांबू शकतात. नवीन माणूस कामावर आला की दादा त्याला धक्क्यावर बसवून हे इतक्या वेळा म्हणायला लावायचे, की तो वैतागून जायचा. मीही वैतागलो होतो.

त्या दिवशी दुपारचे अडीच वाजले होते. वारा सकाळपासूनच वाढत होता. ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर ओढत होतं आणि बाहेरून लाटा आत येत होत्या. ही दोन्ही पाणी जिथं भेटतात, तो पट्टा आमच्या कामातला सर्वांत वाईट. तिथं लाट पुढून येत नाही, खालून उभी राहते. त्याच पट्ट्यात लाँचचं इंजिन बंद पडलं. वायरलेसवरच्या ताईंचा आवाज आला, "लाँच उलटली आहे. अकरा माणसं. दगडी बांधाच्या अलीकडे."

मी दादांच्या तोंडाकडे बघितलं. ते बूट चढवत होते. लाँच म्हणजे धाकट्याची लाँच, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. उंट म्हणाला, "दादा, आज सुकाणू मी घेऊ का?" दादा म्हणाले, "तू पुढे उभा राहा. तुझ्याइतकं लांबचं कुणाला दिसत नाही."

मी खाली उतरलो. पट्टा ओलांडताना झाकण बंद ठेवायचं असतं, नाहीतर एका लाटेत इंजिन पाण्याखाली. अंधारात मी कमरेचा पट्टा लोखंडी कडीला अडकवून बसलो होतो. बोट उभी व्हायची, क्षणभर कशावरच टेकलेली नसायची, आणि मग तळ पाण्यावर असा आपटायचा की दात एकमेकांवर वाजायचे. तीनदा आपटली. तिसऱ्यांदा माझं डोकं नळीला लागलं. मग बोट सरळ झाली, म्हणजे पट्टा ओलांडला. खाली जीव उकडून निघत होता, म्हणून मी नेहमीसारखं झाकण वीतभर उचललं.

तेव्हाच उंटाचा आवाज आला. "दादा, डावीकडे! एकटा आहे! हातात काही नाही, बांधाकडे चाललाय!"

मी इंजिनाचा वेग कमी करायच्या हुकमाची वाट बघत होतो. हुकूम आला नाही. उंट परत ओरडला, या वेळी घसा फुटेल असा, "डावीकडे, दादा! डावीकडे!"

आणि बोट उजवीकडे वळली. खाली बसलेल्या माणसाला डोळ्यांनी बघावं लागत नाही. मी डाव्या भिंतीवर आदळलो. झाकणातून डोकं वर काढलं. उंटाचा लांब हात डावीकडे रोखलेला होता आणि दादांचं तोंड उजवीकडे होतं. उजवीकडे उलटी झालेली लाँच होती. तिच्या बुडावर आणि दोरांना धरून माणसं लोंबकळत होती, सात-आठ. त्यांच्यात एक नारिंगी जाकीट होतं. खांद्यावर निळं ठिगळ.

मी डोकं आत घेतलं. दुसरं काय केलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला विचारून उत्तरही स्वतःच देत आलो. मी इंजिन बंद करू शकलो असतो. दादांचा पाय ओढू शकलो असतो, तो हाताच्या अंतरावर होता. निदान ओरडू शकलो असतो. दोन माणसांनी सांगितलं असतं तर कदाचित ऐकलं असतं.

लाँचजवळचं काम सोपं नव्हतं. उलटी लाँच प्रत्येक लाटेबरोबर वर उठत होती आणि आमच्या अंगावर यायला बघत होती. चिमणी दोर घेऊन पाण्यात उतरली. दुसऱ्याच माणसाला सोडवताना लाँचच्या कनातीचा दोर तिच्या पायात अडकला आणि ती खाली गेली. उंट कमरेपर्यंत बाहेर लोंबकळला आणि त्यानं तिला केसांना धरून वर ओढलं. त्याच लाटेनं लाँच आमच्या कठड्यावर आणून टेकवली. कठडा वाकला, उंटाच्या दोन बरगड्या गेल्या. त्यानं फक्त "च्यायला" म्हटलं आणि पुढच्या माणसाचा हात धरला. चिमणी परत उतरली. असं एकेक करून आठ जणांना आत घेतलं.

नारिंगी जाकीट पाचवं आलं. दादांनी एका हातानं सुकाणू धरलं होतं, दुसऱ्यानं त्या माणसाची कॉलर धरून त्याला आपल्याकडे वळवलं. साठीचा माणूस होता, दाढी पांढरी, ओठ निळे पडलेले.

"हा कोण?" दादा म्हणाले. हे त्यांनी कुणाला विचारलं, देव जाणे.

तो माणूस कापत कापत म्हणाला, "त्याच्या जागी आलो मी... तो केस कापायला गेलाय... गार वारा आहे म्हणून जाकीट त्यानंच दिलं."

दोघांना आधीच एका मच्छीमार होडीनं उचललं होतं. म्हणजे दहा झाले. अकरावा डावीकडे होता.

दादांनी बोट वळवली आणि नंतर जे केलं, ते बचाव बोटीवरच्या कुठल्याही शहाण्या माणसानं केलं नसतं. दगडी बांधाला लाट आपटून परत फिरते, तिथं बोट नेली तर ती दगडावरच जाते. दादा आत घुसले. बोटीचा तळ दगडाला घासल्याचा आवाज मी खाली बसून ऐकला, चाकू पाट्यावर घासावा तसा. चिमणीनं त्या माणसाला फेसातून काढलं. तेव्हा तो हलत नव्हता.

दादांनी सुकाणू उंटाकडे दिलं आणि स्वतः त्याची छाती दाबायला बसले. परतीचा सगळा रस्ता, पट्ट्यातून जाताना सुद्धा, गुडघे फळीवर रोवून ते दाबत राहिले. मोठ्यानं मोजत होते. तीसपर्यंत, मग परत एकपासून. धक्क्यावर डॉक्टर बाई बोटीत उतरल्या, त्यांनी गळ्याला हात लावला आणि मग दादांच्या हातावर हात ठेवला. तरी ते दाबतच होते. डॉक्टर बाई म्हणाल्या, "पुरे. पुरे आता."

तो माणूस शाळेत भूगोल शिकवायचा.

दादांनी वर बघितलं तर धक्क्याच्या पायरीवर धाकटा उभा होता. लाँच उलटल्याचं कळताच न्हाव्याच्या खुर्चीतून उठून धावत आलेला. गळ्यात न्हाव्याचं पांढरं कापड, अर्ध्या गालावर साबण, एका बाजूचे केस कापलेले आणि दुसऱ्या बाजूचे तसेच. त्याला वाटत होतं, दादा धावत येऊन मिठी मारतील. तो दोन पायऱ्या खाली उतरलाही. दादा त्याच्याकडे बघून तसेच बाजूनं निघून गेले.

पुढे एकदा बोटीच्या शेडमध्ये दोर गुंडाळताना ते मला म्हणाले, "तुला सांगू का, मला त्या वेळी काय वाटलं? त्याचा राग आला. तो जिवंत होता म्हणून. तो लाँचवर असता तर निदान..." आणि ते थांबले. दोराचं वेटोळं सुटलं, ते त्यांनी परत घातलं. "मी त्याला वाढवलंय रे," म्हणाले.

आठवड्याभरात चौकशी झाली. खात्याचे एक साहेब आले, टेबलावर पाण्याचा जग, बाजूला टाइप करणारी बाई. साहेब चांगले होते, घाईत होते. त्यांनी उंटाला विचारलं, "तुम्हाला आधी कोण दिसलं?"

उंटाची छाती पट्ट्यांनी बांधलेली होती, त्याला धड बसताही येत नव्हतं. तो म्हणाला, "लाँचवरची माणसं, साहेब. तो एकटा माणूस आम्हाला नंतर दिसला. लाटांत दिसत नाही."

दादा त्याच्या शेजारी बसले होते. त्यांनी मान वर केली आणि परत खाली घातली. त्यांनी उंटाला असं सांग म्हणून सांगितलं नव्हतं. एका शब्दानंही नाही. उंटानं ते स्वतःहून केलं.

मग साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही काही ऐकलंत?"

"इंजिनाचा आवाज असतो, साहेब," मी म्हणालो.

हे खोटं नव्हतं. इंजिनाचा आवाज असतोच. साहेबांनी मान हलवली, बाईंनी टाइप केलं, आणि आम्ही सुटलो. बाहेर आल्यावर तिघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत नव्हतं. चिमणी दवाखान्यात होती, तिचा घोटा फिरला होता. तिला काही विचारलंच नाही, कारण बोट वळली तेव्हा ती पाण्याकडे तोंड करून दोर बांधत होती.

वर्तमानपत्रात आमचा फोटो आला. 'जिवावर उदार होऊन आठ जणांना वाचवलं.' कार्यालयातल्या लोकांनी तो फ्रेम करून भिंतीवर लावला. सभागृहात सत्कार ठरला तेव्हा दादांचं पोट बिघडलं. वहिनींनी मला फोन केला, "भाऊजी, तुम्हीच घेऊन या त्यांचं ते मानपत्र. हे पांघरूण डोक्यावर घेऊन पडलेत." मी स्टेजवर दोनदा चढलो, एकदा माझ्यासाठी आणि एकदा दादांसाठी. लोकांनी दुसऱ्यांदा जास्त टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर महिन्याभरानं मास्तरांची बायको शेडमध्ये आली. हातात एक पिशवी. पिशवीत आमचं राखाडी ब्लँकेट होतं, मास्तरांना ज्यात गुंडाळून धक्क्यावरून नेलं होतं ते. तिनं ते धुतलं होतं, इस्त्री केली होती आणि चारही कोपरे जुळवून घडी घातली होती. आमच्या त्या ब्लँकेटला इस्त्री कधी माहीतच नव्हती.

"तुमच्या कामाचं आहे," ती म्हणाली. "अडून राहायला नको." मग दादांकडे वळून म्हणाली, "तुम्ही शेवटपर्यंत त्यांची छाती दाबत होतात, असं डॉक्टर बाईंनी सांगितलं. मला तुम्हाला भेटायचं होतं."

दादांनी ब्लँकेट घेतलं. त्यांना ते कुठं ठेवावं कळेना.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "त्यांना खूप वेळ वाट बघावी लागली का?"

मी पाना पुसत होतो. तो मी पुसतच राहिलो.

दादा म्हणाले, "नाही हो. फार नाही."

ती "बरं झालं" म्हणाली आणि गेली. दादा ब्लँकेट छातीशी धरून बाकावर बसले. दुपारपर्यंत तसेच.

त्यानंतर ते बिघडत गेले. आवाज चढवत नसत ते चढवू लागले. चिमणीला एकदा दोराच्या गाठीवरून इतकं बोलले की ती रडली, आणि ती रडणारी नव्हती. पट्टा ओलांडताना बोट एका रेषेत जाईनाशी झाली, ते मला खाली बसूनही कळायचं. घरी धाकट्याशी बोलणं बंद. तो बिचारा विचारायचा, "वहिनी, माझं काय चुकलं?" वहिनी म्हणायच्या, "तुझं काही नाही रे." त्यांनाही काही माहीत नव्हतं.

एका रविवारी सकाळी दादा माझ्या दारात आले. इस्त्रीचा शर्ट घातलेला. "मास्तरीणबाईंकडे चाललोय. चल माझ्याबरोबर."

"कशाला?"

"सांगायला."

मी चप्पल घातली. वाटेत मी एकदाच म्हणालो, "दादा, आता सांगून माणूस परत येणार आहे का?" ते म्हणाले, "नाही येणार." आणि चालत राहिले.

तिसऱ्या मजल्यावर घर. दादा आत गेले. मी दारातच थांबलो. चप्पल काढलीच नाही. "मी इथंच बरा," म्हणालो. दार उघडंच राहिलं. दारातून टेबलाचा एक कोपरा दिसत होता, त्यावर उत्तरपत्रिकांचे दोन गठ्ठे, एक तपासलेला, एक न तपासलेला, आणि मध्ये टोपण नसलेलं लाल पेन.

दादांनी आडवळण घेतलं नाही. म्हणाले, "बाई, मी त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोललो. मास्तर आम्हाला आधी दिसले होते. माझ्या माणसानं दोनदा सांगितलं. त्यांच्याकडे धरायला काही नव्हतं, म्हणून आधी तिकडेच जायला हवं होतं. मी नाही गेलो. लाँचवर माझा भाऊ आहे असं मला वाटलं. तो नव्हता."

मग बाई म्हणाल्या, "असता, तर बरोबर झालं असतं का?"

"नाही. असता तरी चूकच."

"मग तो नव्हता, हे मला कशाला सांगता?"

बाई परत म्हणाल्या, "तुम्हाला आता हलकं वाटत असेल."

"नाही वाटत."

"वाटायला नकोच." त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच मला बाहेर सहन होत नव्हतं. "इतके महिने मी लोकांना सांगत होते, ते लोक फार चांगले आहेत, त्यांनी शिकस्त केली. ब्लँकेट धुताना सुद्धा मला वाटत होतं... जाऊ दे. मुलगी आत आहे. हे तिला मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

कॉलेजात शिकणारी मुलगी बाहेर आली आणि दादांना ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. मुलगी रडली नाही. तिनं विचारलं, "किती मिनिटं?" दादा म्हणाले, "लाँचजवळ अकरा-बारा मिनिटं गेली." तिनं विचारलं, "हे लिहून द्याल?" दादा म्हणाले, "देतो." तिनं त्या टेबलावरूनच एक कोरी पुरवणी काढली, वडिलांचं लाल पेन बाजूला ठेवलं आणि आपलं निळं पेन दिलं.

"बाहेर कोण आहे?" तिनं विचारलं.

"आमचा इंजिनवाला," दादा म्हणाले. "तो खाली असतो. त्याला काही ऐकू येत नाही."

मी जिन्याच्या कठड्याला हात लावून उभा होतो. दार उघडं होतं. आत जायला चार पावलं पुरली असती.

चौकशी परत उघडली. दादांनी लिहून दिलेल्या कागदात माझ्याबद्दल एकच वाक्य होतं, इंजिनाच्या आवाजामुळे त्यास काही ऐकू आले नसावे. दादांना सुकाणूवरून काढलं. नोकरी मात्र गेली नाही, आठ माणसं वाचली होती ना. भिंतीवरचा फोटो कुणीतरी उतरवला, त्या जागी भिंतीचा जुना रंग दिसायला लागला. उंटाला खोटी साक्ष दिल्याबद्दल ठपका मिळाला आणि सुकाणूवर त्याची नेमणूक होणार होती ती दोन वर्षं लांबली. मधल्या काळात बाहेरून एक माणूस आणला.

उंटाचं आणि दादांचं जे भांडण झालं ते शेडमध्ये, भर दुपारी, माझ्यासमोर. खरं तर उंट एकटाच भांडत होता.

"मी तुमच्यासाठी खोटं बोललो," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलं नव्हतं, तरी बोललो. आणि तुम्ही मला न विचारता खरं बोलून मोकळे झालात. एकदा म्हणाला असतात, उंटा, मी उद्या जाऊन सांगणार आहे. मी तुमच्याबरोबर आलो असतो. मलाही सांगायचं होतं, दादा. मला रोज तो हात वर करताना दिसतो. तुम्ही मला न घेता गेलात. न्यायचं तर याला नेलंत." आणि त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "बहिऱ्याला."

दादा म्हणाले, "चुकलं माझं."

"तेवढंच म्हणायला शिकलाय तुम्ही आता."

मग तो माझ्याकडे आला. त्या दिवशी मी झाकणातून डोकं वर काढलं, तेव्हा आमची नजरानजर झाली होती. मला ते आठवत होतं आणि त्यालाही. तो हळू आवाजात म्हणाला, "तू बरा सुटलास," आणि निघून गेला. त्यानं माझं नाव कुठंच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं, असं मी आता म्हणतो. तेव्हा मला सुटल्यासारखंच वाटलं होतं, आणि त्या रात्री मी पोटभर जेवलो होतो, हेही खरं.

काही दिवसांनी मुलीनं कार्यालयात अर्ज केला, की तिला ती जागा बघायची आहे. समुद्र निवला होता. बाहेरून आलेला नवा माणूस सुकाणूवर, उंट पुढे, मी खाली. दादांनी येऊ नये, असं तिनं अर्जातच लिहिलं होतं. लाँच जिथं उलटली होती तिथं तिनं बोट थांबवायला सांगितलं. "तिथून थेट बांधाकडे चला, त्या दिवशी जितक्या वेगानं गेला असतात तितक्या वेगानं." तिनं घड्याळ लावलं. मी इंजिनाला जेवढं द्यायचं तेवढं दिलं. दीड मिनिट लागलं. तिनं वहीत लिहिलं. उंटाकडे वही धरून म्हणाली, "बरोबर?" उंट म्हणाला, "बरोबर." त्याला उलटी झाली. इतक्या वर्षांत बोटीवर त्याला उलटी होताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

दादांनी पुढची सात वर्षं त्याच बोटीवर दोर ओढायचं काम केलं, त्यातली पाच उंटाच्या हाताखाली. उंट त्यांना कामापुरतं बोलायचा, "दोर सोडा", "आवळा", एवढंच. दादा म्हणायचे, "सोडला", "आवळला". त्या वर्षांत त्यांनी दोनदा पाण्यात उडी मारली, जे त्यांच्या वयाच्या माणसाचं काम नव्हतं. दुसऱ्या वेळी खांदा निखळला. चिमणी त्यांच्यावर ओरडली, "मरायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी मरा, मला परत पाण्यात उतरायला लावू नका!" त्यावर ते बऱ्याच वर्षांनी हसले.

घरी त्यांनी धाकट्याला सगळं सांगितलं. धाकट्यानं ऐकून घेतलं आणि पाण्यावरचं काम सोडून गावात एका छापखान्यात नोकरी धरली. येतो, वहिनींच्या हातचं जेवतो, दादांच्या पाया पडतो. पण दादा म्हणतात, "तो माझ्यासमोर नीट बसत नाही रे. आपण कुणाची तरी जागा अडवलीय, असा बसतो."

मास्तरांची मुलगी आता वडिलांच्याच शाळेत शिकवते. मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेत गेलो. मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात उभी होती, हातावर खडूची पूड. मी कोण ते सांगितलं. म्हणालो, "मी तेव्हा ऐकलं होतं. दोन्ही वेळा ऐकलं. बोट वळली तेही बघितलं. तुमच्या घरी आलो तेव्हा बाहेर उभा राहून सगळं ऐकलं आणि गप्प राहिलो."

तिनं माझ्याकडे बघितलं. वर्गात पोरं बाक ओढत होती, त्यांचा गोंधळ चालला होता. ती म्हणाली, "तुम्ही हे तेव्हा सांगितलं असतंत, तर त्या उंच काकांना एकट्यांनाच ठपका मिळाला नसता."

"हो," मी म्हणालो.

"मग त्यांना जाऊन सांगा. मला सांगून काय?" ती म्हणाली. "माझा तास आहे." आणि वर्गात गेली. पोरं उभी राहिल्याचा आवाज आला.

मी संध्याकाळी दादांकडे गेलो. ते गॅलरीत खुर्चीवर बसून पायाला तेल चोळत होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कशाला गेलास तू?" मग विचारलं, "काय म्हणाली?"

"उंटाला जाऊन सांग म्हणाली."

"मग?"

"जायचंय."

दादांनी तेलाची बाटली बंद केली. "तो तुला शिव्या देईल," म्हणाले. "मला देत नाही. मला तो नुसता दोर आवळायला सांगायचा."

उंटाचं घर तिथून दहा मिनिटांवर आहे. मी अजून गेलेलो नाही.